उचकी गप्प आहे

९ जानेवारी

समुद्रावर घिरट्या घालून देवमासे शोधणाऱ्या विमानवाल्याचा फोन. "ताई, बसला आहात का? नसाल तर बसा." दिवसभर बसणं हेच माझं काम, हे त्याला कोण सांगणार! कानाला हेडफोन लावायचा आणि खुर्ची सोडायची नाही. बंदर मला याचाच पगार देतं.

उचकीला पिल्लू झालंय.

दोनदा विचारलं. उचकीच कशावरून? शेपटीच्या मुळाशी दोरीचा पांढरा वळ दिसतोय, फोटो स्वच्छ आलेत, म्हणाला. पिल्लू तिच्या अंगाला चिकटून पोहत होतं. बंदराच्या तोंडापासून फार लांब नाही. तेवढं मात्र मला आवडलं नाही.

तिचं नाव मीच ठेवलेलं. या जातीचे देवमासे खालून वर चढत जाणारी हाक मारतात — ऊऽऽप — आणि ती हळूहळू विरते. हिची चढता चढता मध्येच तुटते, उचकी लागल्यासारखी. साहेबांच्या कागदावर तिला एक आकडा आहे, तो माझ्या डोक्यात राहत नाही. पाण्यातल्या माइकवर ढीगभर जहाजांची घरघर चालू असली तरी त्यातून ही हाक मी ओळखते. इतक्या वर्षांनी नवऱ्याचा खोकला ओळखू येतो, तसंच.

तिचं मागचं पिल्लू खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत गुरफटून गेलं. तिच्या शेपटीवरचा वळही तसल्याच दोरीचा. पिल्लं होतील अशा माद्या या समुद्रात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्यामुळे आनंद झाला आणि पाठोपाठ जहाजांचं वेळापत्रक काढून बसले.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "वा! एका महिन्यात दोनदा आजी." लेक बाळंतपणाला आलेली, नात तीन आठवड्यांची. लेक पुटपुटली, "हळू बोला हो बाबा."

१० जानेवारी

काल फोन ठेवताच पाटी पिवळी केली.

आमच्या ऐकण्याच्या खोलीच्या दारावर एक लाकडी पाटी आहे. एक बाजू हिरवी, एक पिवळी. देवमासा दिसला किंवा ऐकू आला की पिवळी — मग येणारी-जाणारी सगळी जहाजं सावकाश. दोन-तीन दिवस काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही की हिरवी — मार्ग मोकळा, या सुसाट. संगणकावरही तेच उमटतं. पण पाटी हाताने उलटायची ही पद्धत खोली सुरू झाल्यापासूनची. ज्याची पाळी, त्याचा हात.

नवरा फुरंगटून बसलाय. बाहेर समुद्रात आलेल्या जहाजावर दोराच्या शिडीने चढायचं आणि ते सांभाळून आत आणून धक्क्याला लावायचं, हे त्याचं काम. जहाजं सावकाश म्हणजे याचा दिवस दुप्पट लांब. "तुझ्या बाळंतिणीपायी दिवसभर परक्यांच्या जहाजांवर गार चहा पीत उभा होतो."

प्या म्हटलं. गार चहाने कोणी मेलेलं नाही.

१४ जानेवारी

दाट धुकं. विमान जमिनीवर. आता डोळे नाहीत, नुसते कान. म्हणजे मी.

आणि कान देणार कुठे! नव्या धक्क्याचे खांब ठोकताहेत. धाड. धाड. मधल्या वेळात जहाजांची घरघर, तिकडे गाळ उपसणारं यंत्र खरवडतंय. मी नवी असताना या माइकांवर कोळंब्यांचा चरचराट ऐकू यायचा. कढईत काहीतरी तडतडत असावं तसा. तो ऐकल्याला किती वर्षं झाली कोण जाणे. आता समुद्रात माइक सोडला तर समुद्र सोडून बाकी सगळं ऐकू येतं. त्या जनावरांनी एकमेकांना हाक मारायची तरी कशी?

सासऱ्यांचा जन्म जहाजांच्या इंजिनापाशी गेला. कान तिथेच ठेवून आले. आता ते स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात बोलतात, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू येईल इतक्या. आज बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच हे — "चहा झाला का गं?" बाळ दचकून उठलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

१५ जानेवारी

काही नाही. ठोकाठोक.

१६ जानेवारी

काही नाही.

१७ जानेवारी

पाटी हिरवी. पाळी माझी होती, हात माझा.

साहेब दारात येऊन म्हणाले, "गेली असेल बाहेर खोल पाण्यात. शहाणी आहे तुमची उचकी." मलाही तसंच वाटलं. वाटून बरं वाटलं. ही मुळात बोलघेवडी बाई. चार दिवस इथे असती तर गप्प कशी बसली असती?

पिल्लाला घेऊन गेली असणार. इथे त्याला दाखवण्यासारखं तसं आहे तरी काय.

२१ जानेवारी

नवरा खुशीत. मोठं कंटेनरचं जहाज एका दमात आत आणलं, कुठे थांबणं नाही की रेंगाळणं नाही. जेवताना सहज विचारलं, वाटेत काही आडवं आलं तर?

"काय आडवं येणार?"

काहीही. समजा, देवमासा.

घास हातात धरून त्याने जरा विचार केला. "खरं सांगू? वर आम्हाला काही कळणारच नाही. एवढं मोठं जहाजाचं धूड. कपातला चहासुद्धा हलणार नाही." फुशारकी नव्हती त्यात. विचारलं म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "पण ती गेली ना? तुझीच पाटी आहे हिरवी."

हो, म्हटलं. गेली.

२४ जानेवारी

नीट लिहिते.

दुपारी स्वयंपाकघरातून लेकीला विचारलं, दूध तापवू का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. बाहेर येऊन पाहते तर ती तिथेच — बाळ मांडीवर, ओठ हलताहेत. उत्तर देत होती! अगदी तिच्या तोंडाशी कान नेला तेव्हा ऐकू आलं, "हो म्हटलं ना आई. ओरडू नकोस."

ही माझी लेक म्हणजे भोंगा. लहानपणी खेळायला गेली की मला खिडकीतून बघावं लागायचं नाही. आवाजावरून कळायचं, आत्ता कोपऱ्यावर आहे, आत्ता कुणाशी तरी भांडतेय. आणि हा महिनाभर ती घरात आहे की नाही, हे शेजारच्या खोलीत कळत नाही.

पातेलं हातातच राहिलं.

उचकी गेलेली नाही. उचकी गप्प आहे.

लांबच्याला बोलवायचं तर हाक मारायची. जे अंगाला चिकटलंय त्याला कशाला? हाक मारली की शिकारी मासे ऐकणार, पिल्लू कुठे आहे ते त्यांना कळणार. पिल्लाशी ती बोलतही असेल, पण अशी, ओठातल्या ओठात. माझ्या माइकपर्यंत ते कुठलं पोचतंय! तेही खांब ठोकत असताना!

आणि मी काय केलं? काही ऐकू येत नाही म्हणून कोणी नाही, असं धरलं. पोरंबाळं असलेल्या घरात राहून!

विमानवाल्याला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने आपल्या जुन्या नोंदी चाळल्या. मग म्हणाला, "ताई, आजवर मला वरून पिल्लावाली मादी दिसली, त्या दिवसांत तुम्हाला ती कधी ऐकू आली होती?"

आठवून पाहिलं. आठवतच राहिले. एकदाही नाही.

सात दिवस पाटी हिरवी आहे.

२५ जानेवारी

साहेबांकडे गेले. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"म्हणजे ऐकू आलं तर पिवळी, आणि नाही आलं तरी पिवळी. बरोबर? मग बाई, तुमची खोली कशाला हवी?"

पिल्लांचा मोसम संपेपर्यंत सगळीच जहाजं सावकाश ठेवा, एवढंच म्हटलं.

"वर काय सांगू? काहीच ऐकू आलं नाही म्हणून बंदर निम्म्यावर आणलं?" नाकावरचा चष्मा काढून पुसला त्यांनी. "तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण नियम आहे तो ऐकण्याचा आहे."

पाटी हिरवी.

२७ जानेवारी

हाक आली म्हणून सांगितलं. आली नव्हती. पाटी पिवळी केली आणि खुर्चीत येऊन बसले.

दिवसभर जहाजं मुंगीच्या पावलांनी येत होती. कितीतरी दिवसांनी दोन घास पोटभर खाल्ले.

२९ जानेवारी

पकडले गेले. जाणारच होते. हाकेची वेळ मी सांगितलेली, त्या वेळचं ध्वनिमुद्रण साहेबांनी लावून ऐकलं. घरघर आणि धाड धाड.

ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "तुमच्या शब्दावर आजपर्यंत या इमारतीत कोणी शंका घेतली नव्हती, बाई." मी खाली बघत उभी. या वयात, शाळेतल्या पोरीसारखी.

आता पिवळ्या पाटीला दोघांचे कान लागणार. मी ऐकलं की दुसऱ्या पाळीच्या माणसाने ध्वनिमुद्रण ऐकून हो म्हणायचं, मग पाटी. तोपर्यंत हिरवी. म्हणजे उद्या उचकी खरोखर ओरडली तरी माझ्या एकटीच्या सांगण्यावरून एक होडीसुद्धा थांबणार नाही. हे माझं कर्तृत्व. हिला वाचवायला गेले आणि हिच्याच वाटेत आणखी एक कुलूप घालून आले.

घरी काही सांगावं लागलं नाही. नवऱ्याला आधीच कळलेलं. ताट वाढून पुढे ठेवलं त्याने, आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

३१ जानेवारी

आज घरात बाळ हरवलं!

म्हणजे हरवलं नव्हतं. लेक न्हाणीघरात होती, सासऱ्यांनी बाळाला हळूच उचललं आणि मागच्या गच्चीत उन्हाला नेलं. धुक्यातून तासभर ऊन पडलं होतं, म्हाताऱ्याचा हेतू चांगला. सांगितलं कोणाला? कोणालाच नाही.

लेक बाहेर आली. पाळणा रिकामा. आधी मला विचारलं, तेही कुजबुजतच. माझ्याकडे नाही म्हटल्यावर जी ओरडली ती — बापरे! एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जिन्यात, परत पाळण्यापाशी. हाक मारायची, थांबायची, कान द्यायची, पुन्हा हाक. महिनाभर दाबून ठेवलेला सगळा आवाज. ते कोवळं पोर काय ओ देणार होतं? पण ती थांबून वाट बघत होती.

आणि सासरे गच्चीत बाळाला मांडीवर घेऊन मजेत. ऐकू आलं तर ना! मी गच्चीचं दार उघडलं तेव्हा म्हणाले, "घरात एवढी सामसूम कशी?"

नंतर हसून हसून पुरेवाट झाली. लेक हसता हसता रडली, बाळाला छातीशी धरून. आणि मग पुन्हा तिचा आवाज गेला. हळू बोला. हळू चाला. नळ हळू सोडा.

३ फेब्रुवारी

धुकं उठलं. विमान उडालं. मी खोलीत फोन समोर ठेवून बसलेली.

दोघं दिसले! आई आणि पिल्लू. पिल्लू अंगाने भरलंय म्हणे, दूध चांगलं मिळतंय. आणि कुठे, तर जहाजांच्या वाटेत. ऐन वाटेत, वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या बोयाच्या मध्ये. आमचे माइक त्याच दोन बोयांना बांधलेत. माझ्या कानापाशीच होती ती, इतके दिवस.

"तुमचं बरोबर होतं, ताई," विमानवाला म्हणाला. त्याचा आवाज आनंदी नव्हता.

पाटी पिवळी. रीतसर. पुन्हा साहेबांकडे गेले — आता तरी? "आता पिवळी आहे ना? मग भांडण कशाचं?" पण पुन्हा धुकं आलं की पुन्हा हिरवी होईल, साहेब. ती पुन्हा गप्पच असणार. हो, म्हणाले, हा मुद्दा घेऊ. मोसम संपला की बैठक आहे, त्यात घेऊ.

मोसम संपला की!

६ फेब्रुवारी

धुकं. मुदत संपली. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पाटी हिरवी.

पाळी माझी होती. पाटीला हात लावला, पण उलटवेना. शेवटी साहेबांनी येऊन स्वतः उलटली.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सावकाश आणा. तो बूट काढत होता. "आज आणलं," म्हणाला. "दोन्ही जहाजं सावकाश आणली. जहाजाच्या कप्तानाने विचारलं, पाटी हिरवी ना, मग का? म्हटलं, माझं पोट बिघडलंय."

मला हसू आलं आणि रडूही.

"पण मी एकटा आहे गं," म्हणाला. "आम्ही आठ जण आहोत. आणि आज मला वर बोलावून विचारलं, बायकोच्या खोलीतला नियम चालवताय की बंदराचा." बूट हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

७ फेब्रुवारी

सुट्टी. किनाऱ्यावर जाऊन आले. नको होतं जायला. पाण्यावर तेलाचा तवंग, वाळूत दोरीची भेंडोळी, बाटल्या, एक तुटका सापळा. पायाने दोरी ओढली तर संपेचना. माणसाने या पाण्यात टाकायचं ठेवलंय काय? आवाजसुद्धा टाकला.

उभी राहून नुसतं बघितलं. धुक्यात जहाजांचे भोंगे. एकामागून एक, वेगाने.

मी घरी येऊन कपडे धुतले.

८ फेब्रुवारी

काही नाही. हिरवी.

काही नाही म्हणजे ती आहे, असं मी स्वतःला सांगतेय. रोज कान लावते आणि मनात म्हणते, बोलू नकोस बाई. अशीच गप्प राहा. ऐकण्याचा पगार घेते आणि ऐकू येऊ नये म्हणून बसते. हसतील लोक.

९ फेब्रुवारी

सकाळी हेडफोन लावला आणि हाक. खालून वर चढली, मध्येच तुटली.

दुसऱ्या पाळीच्या माणसाने ऐकलं, हो म्हणाला. साहेब धावत आले, स्वतःच्या कानाला लावलं. "उचकीच ना?" उचकीच. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बघा, आली की नाही! करा पाटी पिवळी. आता कोणाची हिंमत नाही अडवायची."

केली.

दिवसभर ओरडतेय. पहिल्या बोयापाशी, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. एक हाक, मग थांबते, मग पुन्हा हाक.

पिल्लू जवळ असलं की ती बोलत नाही.